द डार्कनेस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा बँड नक्की कोणता?

इंग्लंडमधल्या सफक परगण्यातल्या लोस्टॉफ्ट गावचा. मूळचे चौघे असे : जस्टिन हॉकिन्स (गाणं, गिटार, कीबोर्ड), त्याचा धाकटा भाऊ डॅन हॉकिन्स (गिटार), फ्रँकी पुलेन (बेस) आणि एड ग्रॅहम (ड्रम्स). २००० साली बँड उभा राहिला, २००३ साली पहिला अल्बम आला, २००६ साली सगळं विस्कटलं. इथे मुख्यतः त्याच सहा वर्षांबद्दल लिहिलं आहे. २०११ नंतरचा भाग शेवटी थोडक्यात.

ग्लॅम रॉक म्हणजे काय? नुसता मेकअप?

मेकअप आहेच. मार्च १९७१ मध्ये मार्क बोलन बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या कार्यक्रमात डोळ्यांखाली चमकी लावून आला, आणि ग्लॅमची सुरुवात साधारण तिथून धरतात. त्याचा बँड टी. रेक्स. मागोमाग डेव्हिड बोवी, स्लेड, स्वीट, रॉक्सी म्युझिक. उंच टाचांचे बूट, सॅटिनचे कपडे, पुरुषांच्या तोंडाला रंग.

पण त्याखालचं संगीत साधं आणि दणकट होतं. तीन मिनिटांचं गाणं, पाय आपटायला लावणारा ठेका, पहिल्याच वेळी पाठ होणारं धृपद. साठच्या दशकाच्या शेवटी रॉक फार गंभीर झाला होता, वीस-वीस मिनिटांच्या रचना आल्या होत्या. त्याला कंटाळलेल्या पोराटोरांनी ग्लॅम डोक्यावर घेतला. सत्तरचं दशक अर्धं सरेपर्यंत लाट ओसरली, पंक आलं. ऐंशीच्या दशकात लॉस एंजेलिसच्या बँडांनी केस फुगवून त्यातला मेकअप उचलला आणि ब्रिटिश मिश्कीलपणा मागे ठेवला. ही अदलाबदल मला कधीच फायद्याची वाटली नाही.

मग २००० साली हे पुन्हा करावं असं कुणाला का वाटलं?

कुणालाच वाटत नव्हतं, हीच तर गंमत. त्या वेळी ब्रिटनमध्ये रेडिओहेड आणि कोल्डप्लेचा दबदबा होता. रॉक म्हणजे खांदे पाडून, खाली बघत गायची गोष्ट झाली होती. अमेरिकेहून न्यू मेटल येत होतं, त्यात राग भरपूर आणि गिटार सोलो जवळजवळ नाहीत. २००१ साली न्यूयॉर्कचे द स्ट्रोक्स आले, त्यांच्यामुळे विटके जाकीट आणि बेफिकीर चेहरा ही फॅशन झाली. अशा दिवसांत घट्ट कॅटसूट (मानेपासून पायापर्यंत अंगाला चिकटणारा एकसंध पोशाख) घालून, दोन गिटारींचे जोडसोलो वाजवत, शिट्टीच्या पट्टीत गाणारा माणूस म्हणजे रेकॉर्ड कंपन्यांच्या लेखी वेडाच.

लोस्टॉफ्टचं विशेष काय?

ब्रिटनचं हे सगळ्यात पूर्वेकडचं गाव. तिथल्या नेस पॉइंटवर उभं राहिलं की पुढे थेट उत्तर समुद्र. एके काळी हेरिंग मासळीवर गाव चालायचं; मासेमारी आटली तशी गावाची रयाही गेली. संगीतकार बेंजामिन ब्रिटन १९१३ साली इथेच जन्मला, हे गावकरी आवर्जून सांगतात. लंडनच्या संगीतव्यवहारापासून मात्र गाव लांब, मनानं तर आणखीच लांब.

बँडनं गाव गाण्यांतून आणलं. 'पर्मिशन टू लँड' या पहिल्या अल्बमचं पहिलंच गाणं 'ब्लॅक शक' एका भुताळ्या काळ्या कुत्र्यावर आहे. पूर्व इंग्लंडच्या दंतकथेनुसार ऑगस्ट १५७७ मध्ये वादळी पावसात हा कुत्रा बंगी आणि ब्लायबर्ग या गावांच्या चर्चमध्ये शिरला आणि प्रार्थनेला बसलेल्या माणसांवर तुटून पडला. ब्लायबर्गच्या चर्चच्या दारावर जळल्यासारखे डाग आजही दाखवतात. ती सैतानाच्या बोटांची खूण म्हणे. लोस्टॉफ्टहून हे गाव गाडीनं जेमतेम अर्ध्या तासावर. हेवी रॉकमध्ये ड्रॅगन आणि सैतान ढिगानं सापडतात, पण स्वतःच्या तालुक्यातलं भूत निवडणारे थोडे. 'स्टक इन अ रट' तर सरळ गावाला कंटाळल्याचं गाणं आहे.

डार्कनेसच्या आधी ही मंडळी काय करत होती?

एम्पायर नावाचा बँड चालवत होती. त्यात गायक वेगळाच होता आणि जस्टिन कीबोर्डमागे उभा असायचा. तो बँड कुठेच पोचला नाही आणि १९९९ मध्ये मोडला. जस्टिन जाहिरातींच्या जिंगल्सही करायचा. पुढे त्याच्या गाण्यांमध्ये तीस सेकंदांत चाल डोक्यात बसवायची जी हातोटी दिसते, तिला ही तालीम कारणीभूत असावी असा माझा कयास.

पबमधली गोष्ट खरी आहे का?

बँडनंच ती वर्षानुवर्षं सांगितली आहे. १९९९ चा ३१ डिसेंबर, सहस्रक बदलण्याची रात्र. हॉकिन्स बंधू सफकमधल्या एका नातेवाइकांच्या पबमध्ये होते. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचं 'बोहिमियन ऱ्हॅप्सडी' लागलं आणि जस्टिननं त्यावर असा काही अभिनय केला की अख्खा पब त्याच्याकडे बघत राहिला. डॅनच्या डोक्यात प्रकाश पडला : इतकी वर्षं आपण बाहेर गायक शोधतोय आणि तो घरातच कीबोर्ड वाजवतोय.

गोष्टीला थोडं पॉलिश झालं असेल. पण निर्णय कुणी घेतला हे लक्षात घ्या. डोळ्यांत भरतो तो जस्टिन. बँड जुळवला तो डॅननं, त्याला पुढे ढकललं तेही डॅननंच. एड हा लोस्टॉफ्टचाच, डॅनचा लहानपणापासूनचा दोस्त.

जस्टिनचा आवाज खरा आहे की स्टुडिओची करामत?

खरा. त्याला फॉल्सेटो म्हणतात. स्वरतंतू पूर्ण न मिटता त्यांच्या फक्त कडा कंप पावतात आणि आवाज पातळ, उंच होतो. बरेच गायक एखाद्या ओळीपुरता तो वापरतात. जस्टिन भरल्या आवाजात ओळ सुरू करतो आणि मध्येच, श्वासही न घेता, सप्तकभर वर उडी मारतो. ती उडी बेसूर झाली तर सगळं हास्यास्पद होईल, आणि बेसूर झाली नाही तरी ऐकणारा हसतोच. त्याला नेमकं तेच हवं असतं.

स्पष्ट सांगा, हे लोक थट्टा करत होते की मनापासून वाजवत होते?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो बँडच्या मानगुटीवर पहिल्या दिवसापासून बसलेला आहे. ब्रिटिश समीक्षकांचे दोन तट पडले होते. एक म्हणे ही जुन्या रॉकची नक्कल आहे, हसून विसरून जा. दुसरे म्हणे रॉकचा तारणहार आला. दोघांनीही एकच गोष्ट गृहीत धरली होती : विनोदी असेल तर खरं नाही, खरं असेल तर विनोदी नाही.

तमाशा पाहिलेल्या माणसाला हा पेच पडायला नको. सोंगाड्या हसवतो म्हणून त्याचा ताल कच्चा असतो असं कुणी म्हणत नाही. उलट ताल पक्का असल्याशिवाय त्याला हसवताच येत नाही.

पुरावा हवा असेल तर कपडे बाजूला ठेवून गिटारी ऐका. डॅन गिब्सन लेस पॉल आणि मार्शल अँपवर वाजवतो. त्याचा ऱ्हिदम म्हणजे एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन रॉक बँडच्या माल्कम यंगची शाळा : कमी सूर, मध्ये मोकळी जागा, आणि प्रत्येक फटका ठेक्याच्या नेमक्या टोकावर. दोन गिटारी एकमेकींना धरून सोलो घेतात ती पद्धत थिन लिझी या आयरिश बँडची. डॅन रंगमंचावर थिन लिझीचा टीशर्ट घालून यायचा, म्हणजे उसनवारी लपवायची त्याची इच्छाही नव्हती. धृपदातले थरावर थर चढवलेले आवाज क्वीनचे. ग्लॅमकडून काय घेतलं? पोशाख, मिश्कीलपणा, आणि गाणं साडेतीन मिनिटांत आटपायची शिस्त. म्हणून 'ग्लॅम पुनरुज्जीवन' हे लेबल अर्धंच बरोबर आहे, पण दुसरं बरं लेबल कुणाला सुचलेलं नाही.

'आय बिलीव्ह इन अ थिंग कॉल्ड लव्ह' मध्ये सोलोच्या आधी जस्टिन चक्क "गिटार!" असं ओरडून जाहीर करतो. यात रॉकच्या जुन्या सवयीची टर आहे. पण त्यापाठोपाठ येणारा सोलो चोख वाजतो, त्यात कुठेही डोळा मारलेला नाही. बँडचं सगळं गणित त्या दोन-तीन सेकंदांत आहे.

लाइव्ह कार्यक्रमात काय करायचे?

जस्टिन ड्रम्सच्या चौथऱ्यापुढे खाली डोकं वर पाय करून तळपायांनी टाळ्या वाजवायचा आणि प्रेक्षक हातांनी त्याला साथ द्यायचे. गिटार गळ्यात अडकवून, कुणाच्या तरी खांद्यावर बसून तो गर्दीतून फिरायचा, आणि सोलो चालूच. दर काही गाण्यांनी कॅटसूट बदलायचा, बहुतेक बेंबीपर्यंत उघडे. बाजूला फ्रँकी कपाळाला पट्टी बांधून, जाड मिशा सांभाळत, बँकेत रांगेला उभं असल्यासारखा ढिम्म चेहरा करून बेस वाजवायचा. त्या ढिम्मपणामुळे जस्टिनचा आचरटपणा दुप्पट उठून दिसतो. एड मागे गुपचूप ठोके देत बसायचा.

कंपन्या दारात उभं करत नव्हत्या तेव्हाही लंडनच्या छोट्या जागांमध्ये यांना गर्दी व्हायची, ती यामुळे.

करार कसा मिळाला?

आधी मस्ट डिस्ट्रॉय नावाच्या छोट्या लेबलनं हात दिला. ऑगस्ट २००२ मध्ये त्यांनी 'आय बिलीव्ह...' ची ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा छोटी, मोजक्या गाण्यांची रेकॉर्ड, काढली. फेब्रुवारी २००३ मध्ये 'गेट युअर हँड्स ऑफ माय वुमन' हे सिंगल, म्हणजे सुटं गाणं, बाजारात आलं. त्याच्या धृपदात अस्सल इंग्रजी शिवी, तीही फॉल्सेटोत, त्यामुळे रेडिओवर वाजवायची पंचाईत. तरीही ते खपाच्या ब्रिटिश यादीत ४३ व्या क्रमांकापर्यंत गेलं. त्यानंतर अटलांटिकसारखी बडी कंपनी आली. जूनमध्ये 'ग्रोइंग ऑन मी' ११ व्या क्रमांकावर पोचलं आणि दारं धडाधड उघडली.

पहिला अल्बम कुठे, कसा रेकॉर्ड झाला?

लिंकनशरमधल्या चॅपल स्टुडिओत, निर्माता पेद्रो फरेरा. दहा गाणी, चाळीस मिनिटांच्या आत. फापटपसारा नाही. चार माणसं एका खोलीत वाजवतायत असं ऐकू येतं आणि तेच त्याचं बळ आहे. पैसे कमी असण्याचा फायदा कधीकधी असाही होतो. दुसऱ्या अल्बमच्या वेळी ते कळलं.

२००३ मध्ये नेमकं काय झालं?

जूनअखेरीस ग्लास्टनबरी महोत्सवात त्यांना शुक्रवारी सकाळी मुख्य पिरॅमिड मंचावर पहिलंच स्थान मिळालं. ही जागा मानाची आणि तशीच अवघडही : लोक तंबूतून नुकते बाहेर येत असतात, चिखल तुडवत कॉफी शोधत असतात. त्या वेळी गुलाबी कॅटसूट असो वा पट्ट्यापट्ट्यांचा, लक्ष वेधायचं तर दहा हत्तींचं बळ लागतं. यांनी ते वेधलं.

७ जुलैला 'पर्मिशन टू लँड' बाजारात आला. ब्रिटिश अल्बम यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर शिरला, पुढे पहिल्यावर चढला आणि चार आठवडे तिथून हलला नाही. ऑगस्टमध्ये नेबवर्थला रॉबी विल्यम्सच्या अवाढव्य कार्यक्रमाआधी वाजवायला मिळालं. वर्षातल्या उत्तम अल्बमला मिळणाऱ्या मर्क्युरी पुरस्कारासाठी नामांकन झालं. पुरस्कार रॅपर डिझी रास्कलला गेला, आणि योग्यच गेला. सप्टेंबरमध्ये 'आय बिलीव्ह...' नव्यानं सिंगल म्हणून आलं आणि दुसऱ्या क्रमांकावर अडकलं, कारण वर ब्लॅक आइड पीजचं 'व्हेअर इज द लव्ह?' ठाण मांडून बसलं होतं.

फेब्रुवारीत ४३ वा क्रमांक, सप्टेंबरात दुसरा. सात महिन्यांचा खेळ.

नाताळच्या गाण्याचं प्रकरण काय आहे?

ब्रिटनमध्ये नाताळच्या आठवड्यात पहिल्या क्रमांकावर कोणतं गाणं येतं याची दरवर्षी शर्यत लागते, लोक पैजा लावतात. या शर्यतीला खरी मजा आणली ती ग्लॅमवाल्यांनी : १९७३ साली स्लेडचं नाताळगीत पहिलं आलं होतं आणि विझार्डचंही त्याच हंगामातलं. ती दोन्ही गाणी आजही डिसेंबरात तिथल्या प्रत्येक दुकानात वाजतात. म्हणजे डार्कनेसनं ग्लॅमचा वारसा सांगायचा तर नाताळगीत करणं ओघानं आलंच.

त्यांनी डिसेंबर २००३ मध्ये 'ख्रिसमस टाइम (डोन्ट लेट द बेल्स एंड)' काढलं. घंटा, शाळकरी मुलांचा कोरस, प्रियकराचा विरह, सगळा मसाला. कंसातली ओळ भरभर म्हटली की त्यातून ब्रिटिश पोरांची एक चावट शिवी ऐकू येते. आणि ती म्हणणार निरागस चेहऱ्यांचा कोरस! द्वयर्थी गाण्यांवर वाढलेल्या मराठी माणसाला यापुढे काही सांगायला नको.

हेही दुसरं आलं. पहिलं आलं मायकल अँड्रूज आणि गॅरी ज्यूल्स यांचं 'मॅड वर्ल्ड'. पियानो, जवळजवळ कुजबुजता आवाज, घनघोर उदासी. ज्या गंभीरपणाला वैतागून हा बँड उभा राहिला, त्यानंच ऐन सणात त्यांना हरवलं. मला विचाराल तर 'मॅड वर्ल्ड' उत्तम गाणं आहे, फक्त नाताळच्या जेवणाला लावायचं नाही.

पुरस्कार?

फेब्रुवारी २००४ च्या ब्रिट पुरस्कारांत तीन : सर्वोत्तम ब्रिटिश ग्रुप, सर्वोत्तम रॉक आणि सर्वोत्तम अल्बम. त्याच वर्षी रीडिंग आणि लीड्स या जुळ्या महोत्सवांत ते हेडलाइनर, म्हणजे शेवटी वाजवणारा मुख्य बँड, होते.

अमेरिकेत चालले का?

बऱ्यापैकी. अल्बम बिलबोर्ड यादीत ३६ व्या क्रमांकापर्यंत गेला. तिकडे त्यांना बहुधा ऐंशीच्या दशकातल्या केसाळ बँडांची आठवण म्हणून ऐकलं गेलं, आणि फ्रँकीचा तो ढिम्म विनोद अटलांटिक ओलांडताना थोडा सांडला. पण 'आय बिलीव्ह...' तिथे टिकून राहिलं. २०१२ साली सुपर बोलच्या एका मोबाइलच्या जाहिरातीत ते वाजलं.

दुसरा अल्बम का आपटला?

'आपटला' हा शब्द जरा कडक आहे, पण असो. 'वन वे टिकेट टू हेल... अँड बॅक' नोव्हेंबर २००५ मध्ये आला. या वेळी निर्माता रॉय थॉमस बेकर, म्हणजे ज्यानं 'बोहिमियन ऱ्हॅप्सडी' घडवलं तोच. स्वप्नपूर्तीच म्हणायची. पैसा आणि वेळ भरपूर, मग गिटारींवर गिटारी, आवाजांवर आवाज, सतार, बॅगपाइप. शीर्षकगीताची सुरुवात होते पॅनपाइपच्या सुरावटीनं आणि पाठोपाठ नाकानं काहीतरी ओढल्याच्या आवाजानं. विषय कोकेन. विनोद आहे, पण आता त्याच्या खाली काय चाललंय हे बँडच्या जवळच्यांना ठाऊक होतं.

अल्बम ब्रिटनमध्ये ११ व्या क्रमांकावर थांबला. आधीच्या अल्बमनंतर हा फटका मोठा होता. त्याआधीच, २००५ मध्येच, फ्रँकी बाहेर पडला होता आणि डॅनच्या गिटारींची देखभाल करणारा रिची एडवर्ड्स बेसवर आला होता. माझं मत असं की गाणी वाईट नाहीत, दोन-तीन तर पहिल्यापेक्षा सरस आहेत. पण पहिल्या अल्बममधली ती मोकळी जागा भरून टाकल्यावर विनोदाला श्वास घ्यायला वाव उरला नाही. फ्रँकी गेल्यावर ढिम्म चेहराही गेला. हे नुकसान कुठल्याच यादीत मोजलं जात नाही.

फुटले कधी?

ऑगस्ट २००६ मध्ये जस्टिन दारू आणि कोकेनच्या व्यसनावर उपचार घ्यायला दाखल झाला. ऑक्टोबरमध्ये त्यानं बँड सोडला आणि जुन्या वातावरणात परतणं आपल्याला झेपणार नाही हे उघडपणे मान्य केलं. उरलेल्यांनी स्टोन गॉड्स काढला, जस्टिननं हॉट लेग. दोन्हींत चांगली गाणी आहेत, पण एकात थट्टा कमी पडते आणि दुसऱ्यात वजन.

या सगळ्यात महाराष्ट्राचा काही संबंध?

ओढूनताणून नाही, पण एक धागा आहे. ज्या क्वीनशिवाय डार्कनेस झालाच नसता, त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वाढला. १९५८ च्या सुमारास फारूख बुलसारा नावाचा हा पारशी मुलगा तिथल्या वसतिगृहात द हेक्टिक्स या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवत होता. तोही आधी कीबोर्डमागेच होता, हे लक्षात ठेवण्यासारखं. पुढे २०१५ मध्ये डार्कनेसच्या ड्रम्सवर रुफस टेलर आला. तो क्वीनच्या रॉजर टेलरचा मुलगा.

आता काय करतात?

२०११ मध्ये मूळ चौघे परत जुळले आणि जूनमध्ये डाउनलोड महोत्सवात वाजवले. २०१२ मध्ये 'हॉट केक्स', त्यानंतर दर दोन-चार वर्षांनी अल्बम; २०२५ मध्ये 'ड्रीम्स ऑन टोस्ट' आला. एड २०१४ मध्ये बाहेर पडला. जस्टिन यूट्यूबवर इतरांच्या गाण्यांची चिरफाड करतो आणि ती ऐकण्यासारखी असते, कारण गाणं कुठे वळलं हे त्याला कानानं कळतं.

पहिल्यांदा ऐकायचं तर कुठून सुरू करू?

'पर्मिशन टू लँड' सलग, क्रम न बदलता. चाळीस मिनिटं काढा. 'लव्ह इज ओन्ली अ फीलिंग' लागलं की ज्यांना हा बँड फक्त विनोदी वाटतो त्यांना शेजारी बसवा. 'लव्ह ऑन द रॉक्स विथ नो आइस' आवाज वाढवून ऐका, शेजाऱ्यांची परवानगी असेल तर. मग दुसऱ्या अल्बमचं शीर्षकगीत. महोत्सवांतली जुनी चित्रणं सापडतात, तीही बघा आणि अधूनमधून नजर फ्रँकीवर ठेवा. नाताळचं गाणं मात्र डिसेंबर लागेपर्यंत थांबलं तरी चालेल.